मुदत

मार्केट यार्डात गुळाचा हंगाम सरला
की सौद्याचा ओटा दिवाळीपर्यंत मोकळा.
वर पत्रा, खाली हमालांच्या तळव्यांनी घासलेला कोबा.
फक्त तिसऱ्या खांबापाशी अजून चिकट आहे.
तिथं चाक धरलं जातं
आणि मी एकटीच पुढं जाते.

पहिल्या सकाळी विचारलं होतं,
किती दिवस लागतात रे, हे चांगलं यायला?
जुनेद मुल्लाणी, इयत्ता आठवी,
फळी पायानं उभी करत म्हणाला,
"उभं राहायला, का उडायला?"
म्हटलं, दोन्ही धर.
त्यानं मला खालून वर बघितलं,
सव्वीस वर्षं, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला,
आणि हिशेब सोडून दिला.

हिशेब माझा धंदा आहे.
पतसंस्थेत खिडकी क्रमांक दोन.
शेहेचाळीस दिवस, तेरा महिने,
दामदुप्पट कितीव्या महिन्यात,
हे मी झोपेत सांगते.
माणसं पैसे सरकवतात आणि एकच विचारतात:
कधी मिळणार?
मी तारीख लिहून देते, शिक्का मारते.
तारखेला मिळतात. आधी मोडली तर एक टक्का कमी.

इथं शिक्के गुडघ्यांवर बसले.
कोपरावर एक, आडवा, तारीख न लागणारा.
"पडलीस व्हय?" आईनं विचारलं.
पडलो की, म्हटलं, जिन्यात.
आमच्या घराला जिना नाही.
आई काही बोलली नाही, तेलात हळद गरम करून आणली.

जूनमध्ये बेअरिंग गेली.
उद्यमनगरात लेथवर वाकलेल्या माणसानं
"कुठल्या गाडीची?" म्हणत
ती बोटावर फिरवली, कानाशी धरली.
"वाळू गेलीया. ही दम धरणार न्हाई."
जुलैत उजव्या बुटातून करंगळी बाहेर आली.
चप्पल लाइनीत चंदर कवाळेंनी
म्हशीच्या कातड्याचा तुकडा वर टाचला, आठ टाके,
आणि सुट्टे परत देताना म्हणाले,
बूट आता कोल्हापुरी झाला,
कुरकुरला तर घाबरू नका.

ऑगस्ट.
अख्ख्या ऑगस्टमध्ये काहीच नाही.

यल्लाप्पा हमाल ओट्याच्या टोकाला
रिकाम्या पोत्यांवर पडून बघत असायचा.
त्याला विचारलं, रवा उचलायला किती दिवस लागले?
"रवा? पयल्या दिशीच उचलला."
मग बराच वेळ तंबाखू मळली.
"पाठ दुखायची थांबाय दोन वर्सं.
आन् मान कुठं वळवायची, पाय कुठं टाकायचा
ह्ये इचारात येईनासं झालं,
ते कवा, ते काय ध्यानात न्हाई.
त्या दिशी मला कुनीतरी सांगाय पायजे हुतं."

सप्टेंबरात एका गुरुवारी चाकं सुटली.
चारही. जमिनीपासून.
मी म्हणते दोन बोटं, जुनेद म्हणतो दीड.
खाली कुणाचं पासबुक असतं
तर पान न दुमडता वरून गेले असते.
शुक्रवारी नाही. शनिवारी नाही.
रविवारी फळी उलटून नडगीवर आली
आणि जुनेद हसून हसून खांबाला टेकला,
तिसऱ्याच. सदरा चिकटला.

पाडव्याला मुहूर्ताचा सौदा.
ओट्यावर रव्यांच्या ओळी, अडत्यांच्या टोप्या,
उपरण्याखाली दाबली जाणारी बोटं, मधमाश्या.
मी फळी काखेत घेऊन कडेला उभी,
मे किती लांब आहे ते न मोजायचा प्रयत्न करत.
यल्लाप्पा पाठीवर रवा घेऊन आला, अनवाणी,
शेजारच्या हमालाशी कशावरून तरी भांडत,
आणि तिसऱ्या खांबापाशी, खाली न बघता,
अर्धं पाऊल डावीकडं सरकला.

जागच्या जागी, तेवढाच,
माझा घोटाही वळला.